चारची परात

"पगार बोललो, सुट्टी बोललो, दिवाळीच्या बोनसचंसुद्धा बोललो," आण्णा म्हणाले. "आता काय राहिलं?"

"एक दिवस मला इथं बसू द्या," मी म्हटलं. "सकाळपासून संध्याकाळपर्यंत. काम देऊ नका, पैसे देऊ नका. नुसतं बघते. मग सांगते, हो की नाही."

शेजारी बसलेला त्यांचा पुतण्या शीतल हसायलाच लागला. आमच्या सांगलीकडच्या जैन घरांत शीतल हे पुरुषांचं नाव असतं, आणि हा तर चांगला झुपकेदार मिशांचा शीतल होता.

"मॅडम, ही काय साडी आहे होय, अंगावर टाकून बघायला?"

"साडी असती तर एवढं बघितलं नसतं. नाही आवडली तर साडी कपाटात ठेवता येते. इथं रोज मला स्वतःला यावं लागणार."

आण्णांनी पुतण्याकडे बघितलंसुद्धा नाही. "या की," ते म्हणाले. "गुरुवारी या. डबा आणू नका, इथंच जेवा."

झालं. मिरजेला घरी येईपर्यंत माझं मलाच हसू येत होतं. तेव्हा मी तिशीत होते, राजीनामा देऊन घरात बसले होते, आणि वर मालकाला अटी घालून आले होते! पण दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

माझं काम चव बघण्याचं. फूड टेक्नॉलॉजी शिकले आणि फरसाणच्या एका मोठ्या कंपनीत क्वालिटीला लागले. तिथं एकदा तेल खवट निघालं. मी म्हटलं, हा माल बाहेर जाता कामा नये. साहेब म्हणाले, "मॅडम, लोक खातायत ना? मग तुमचं काय जातंय?" मीटिंगला टेबलाभोवती सगळ्या खुर्च्या भरून माणसं होती, प्रत्येकाला देवानं नाक दिलं होतं, आणि एकूण एक जण म्हणाला, "तेल चांगलंय, सर." पुढच्या आठवड्यात माझी रवानगी गोदामात झाली, खोकी मोजायला. काही दिवस मोजली, मग राजीनामा साहेबांच्या टेबलावर आपटला आणि घरी आले. तेव्हाच ठरवलं, आता जिथं 'नाही' म्हणता येतं तिथंच जायचं.

हातात दुसरी एक नोकरी होती. पुण्यात, एका प्रयोगशाळेत. तिथं यंत्रं बोलतात, माणसांना बोलावं लागत नाही, म्हणजे भांडणाचा प्रश्नच मिटला. पण माझा नवरा श्रीनिवास मिरजेच्या शाळेत भूगोल शिकवायचा आणि लेक दुसरीत होती. पुणं म्हणजे शनिवारी यायचं आणि रविवारी डोळे पुसत परत जायचं. उलट भूपाल आण्णा खुरप्यांचा चिवड्याचा कारखाना सांगलीच्या वाटेवर, सिटी बसनं थोड्याच अंतरावर. काम माझ्या आवडीचं, प्रत्येक घाण्याची चव बघायची, चांगला असेल तर पुढं सोडायचा, नसेल तर अडवायचा. पुण्याला सोमवारी कळवायचं होतं. त्याआधी एकच गोष्ट मला कळायला हवी होती, या आण्णांसमोर माणसाला खरं बोलता येतं की नाही.

"जा, नीट बघून ये," श्रीनिवास म्हणाला. "फक्त एक कर. पहिल्याच दिवशी भांडू नकोस."

"मी कुठं भांडते रे?"

तो नकाशा गुंडाळत होता. तो त्यानं फार मन लावून गुंडाळला.

गुरुवारी सकाळी मी कारखान्यात हजर. ऑफिसातल्या खुर्च्या आणि भिंतीवरच्या तसबिरी बघून काही कळत नाही, हा धडा मी घेतलेला होता. चहा बघायचा, संडास बघायचा, आणि मालक आला की माणसांचे आवाज कसे होतात ते बघायचं.

चहा आला. एकाच किटलीतला, सगळ्यांना सारखे स्टीलचे पेले, आण्णांनाही तोच. मालकाची कपबशी वेगळी नव्हती. बायकांचा संडास धुतलेला, आतून कडी लागणारा. कडी हो! आधीच्या कंपनीत आम्ही दाराला एक हात लावून बसायचो. राहता राहिले आवाज. पॅकिंगच्या हॉलमध्ये बायका कुणाच्या तरी जावयाची यथेच्छ टिंगल करत होत्या, तेवढ्यात आण्णा आत आले. मी कान टवकारले. कुणी गप्प बसलं नाही. उलट एक जण म्हणाली, "आण्णा, टोपीला हळद लागलीय तुमच्या."

"लागंना," आण्णा म्हणाले. "या वयात कुणी लावतंय ते काय थोडं झालं?"

सगळा हॉल हसला. मला वाटलं, उल्का किणीकर, घे नोकरी आणि गप घरी जा.

भट्टीवर कल्लाप्पा होता. कढई एवढी मोठी की त्याच्या लेकराला आत अंघोळ घालता आली असती. झाऱ्यानं पोहे उलथत तो माझ्याशी बोलत होता.

"कसंय इथं?" मी विचारलं.

"झकास!"

"चुकलं तर बोलणी बसतात?"

"बसत्यात की. चांगली बसत्यात."

"आण्णांची?"

"छे! आपांची."

आपा म्हणजे रेहानाआपा. पॅकिंगचा सगळा हॉल त्यांच्या ताब्यात. पन्नाशीच्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. कारखान्यातलं पानसुद्धा त्यांच्या परवानगीशिवाय हलत नव्हतं. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि माझा हुकमी प्रश्न टाकला.

"आपा, कामगाराचं चुकलं तर तुम्ही बोलता. मालकांचं चुकलं तर कोण बोलतं?"

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवून माझ्याकडे नीट बघितलं. मग पोह्यांचं सूप माझ्यापुढं सरकवलं. "ताई, जरा निवडू लागा की. हात चालला की बरं वाटतंय."

उत्तर टाळलं, हे मी मनात टिपून ठेवलं. पोहे मात्र निवडले.

दुपारी भाकरी, वांगं आणि ठेचा असं सणसणीत जेवण झालं. चारच्या सुमारास भट्टी मंद झाली आणि सगळे जण हॉलमध्ये जमिनीवर गोल करून बसले. चपला दाराशी. मधोमध एक मोठी पितळी परात आली, आणि तीत त्या दिवशीचा चिवडा. या कारखान्याची ही जुनी रीत होती. दिवसाचा माल आधी सगळ्यांनी मिळून खायचा, मग पिशव्यांत भरायचा. चारची परात म्हणायचे तिला. ऐकूनच मी खूश झाले. म्हटलं, हेच तर बघायला आलेय.

"मॅडम, तुम्ही नाही खाल्लं तरी चालतंय हं," शीतल हळूच म्हणाला.

आता मला खाऊ नको म्हटलं की मी दोन घास जास्त खाते. मूठभर उचलला.

आण्णांनी डोळे मिटून घास चावला. सगळे त्यांच्याकडे बघत होते. "मीठ बरोबर," ते म्हणाले. "साखर बरोबर. तिखट कणभर वर गेलंय, कल्लाप्पा."

बाई गं, काय जीभ होती! तिखट खरंच कणभर वर होतं. मी एवढी शिकलेली, मलाही ते दुसऱ्या घासाला कळलं. पण पहिल्याच घासाला मला दुसरं काहीतरी कळलं होतं. खोबरं खवट होतं. थोडंथोडकं नव्हे, चांगलं जुनं, पोत्याच्या तळाचं. नाकात घुसत होतं.

"बाकी कसंय?" आण्णांनी विचारलं.

"झकास, आण्णा," कल्लाप्पा म्हणाला.

"झकास," त्याच्या शेजारची म्हणाली. "एक नंबर," तिच्या पलीकडची. वर्तुळ फिरत गेलं आणि प्रत्येकाच्या तोंडून तेच. रेहानाआपांनी घास तोंडात टाकला, त्यांची भुवई हलली, मी स्वतः बघितली. आणि त्या म्हणाल्या, "छान झालाय. अगं, पाणी द्या गं कुणीतरी."

"मलापण पाणी," दुसरी म्हणाली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तीच ती मीटिंग, फक्त खुर्च्यांऐवजी जमीन! सकाळपासूनचे ते सारखे पेले, ती कडी, ती हळदीची चेष्टा, सगळं वरवरचं. खायची वेळ आली की सगळे पाण्यानं घास गिळणार आणि मालकाला झकास म्हणणार. मी एक शब्द बोलणार नव्हते, श्रीनिवासची शप्पथ. पण आण्णांनी माझ्याकडे तोंड वळवलं.

"उल्काताई, तुम्हाला कसा वाटला?"

शीतल घाईघाईनं म्हणाला, "काका, त्या नुसत्या बघायला..."

"खोबरं खवट आहे," मी म्हटलं.

 तिथं थांबले असते तरी निभावलं असतं. पण मी थांबते कसली!

"आणि आण्णा, तुम्हाला ते कळलं नसेल असं मला अजिबात वाटत नाही. कणभर तिखट ज्या माणसाला कळतं, त्याला एवढा खवट वास येत नाही? येतो. सगळ्यांना येतो. पोतं स्वस्तात आलं असेल, संपवायचं असेल. पण मग या बिचाऱ्यांना गोल करून बसवून झकास कशाला म्हणायला लावता?"

आण्णांचा चावता जबडा थांबला. त्यांनी हातातला उरलेला चिवडा जपून परातीत परत ठेवला, हात झटकले. "बरं," एवढंच म्हणाले आणि उठून केबिनमध्ये गेले.

कुणी माझ्याकडे बघेना. कल्लाप्पाचे तर डोळे भरून आले होते. मला वाटलं, मी यांच्या मनातलं बोलले म्हणून. तेवढ्यात रेहानाआपांनी माझं मनगट धरलं आणि मला ओढत शेंगदाण्याच्या पोत्यांमागं नेलं.

"काय ओ ताई हे? कुठं काय बोलावं, काही कळतंय का न्हाई तुम्हाला?"

"खोबरं खवट आहे, आपा. तुम्हालाही कळलं. मी तुमचं तोंड बघितलंय."

"कळलं की! म्हणून तर पाणी मागितलं!"

"म्हणजे?"

आपांनी केबिनच्या दाराकडे बघितलं आणि आवाज अगदी खाली आणला. "आण्णांना वास येत न्हाई."

"वास?" मी म्हटलं.

"स्कूटरवरनं पडले. डोक्यावर आपटले, मिरजेच्या दवाखान्यात महिनाभर होते. जगले, वाचले, सगळं ठीक. पण नाक गेलं. जीभ शाबूत आहे. मीठ, तिखट, साखर आपल्यापेक्षा बरी कळती. पण खवट कळत न्हाई, करपट कळत न्हाई. फोडणी जळाली काय आणि खमंग झाली काय, त्यांना सारखीच."

"त्यांनी सांगितलं तुम्हाला?"

"ते कशाला सांगतील? दवाखान्यातनं आले, दुसऱ्याच दिवशी कल्लाप्पाचा घाणा करपला. हॉलभर धूर, आमचे डोळे चुरचुरायलेत. आणि आण्णा कढईपाशी उभे राहून म्हणतायत, वा वा, काय घमघमाट सुटलाय! कल्लाप्पा त्या दिवशी जेवला न्हाई, ताई."

 मी एका पोत्यावर बसले.

"चिवड्याच्या मालकाला वास येत न्हाई, हे गावाला कळलं तर काय राहिलं?" आपा म्हणाल्या. "आणि त्यांना तरी कसं वाटंल? म्हणून आम्हीच ठरवलं. तोंडानं झकास म्हणायचं. खवट असलं की पाणी मागायचं. करपलं असलं की म्हणायचं, चहा आला का. मसाला कच्चा राहिला की, पंखा लावा. मग कल्लाप्पा आणि शीतल गुपचूप तो माल बाजूला काढतात. आजवर एक वाईट पिशवी बाहेर गेली न्हाई आमची. त्यांना काही पत्ता न्हाई. आणि तुम्ही त्यांना सगळ्यांसमोर म्हणालात, तुम्हाला वास येतो!"

काय सांगू, धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. ज्या जागी त्या माणसाला दुखत होतं, नेमकं तिथंच मी बोट खुपसलं होतं, आणि वर त्याला लबाड ठरवलं होतं. मला रडायला आलं आणि मी रडले. आपांनी किल्ल्यांच्या जुडग्याशेजारी खोचलेला रुमाल काढून दिला.

"पुसा डोळे. आता जा आत आणि काय सांगायचं ते सांगा. पण आम्हाला ठाऊक आहे हे सांगू नका. खुदा के वास्ते."

केबिनमध्ये आण्णा टोपी काढून बसले होते. टोपीशिवाय ते एकदम म्हातारे दिसत होते. मी दारातूनच बोलायला सुरुवात केली. "आण्णा, माझं चुकलं, मला माहीत नव्हतं..."

"रेहानानं सांगितलं होय?"

खुदा के वास्ते. मी आपांचा रुमाल मुठीत लपवला.

"बसा," ते म्हणाले. "त्या पाण्याचं मला ठाऊक आहे."

"काय?"

"पहिल्याच महिन्यात कळलं. रेहाना लग्न होऊन गावात आली तेव्हापासनं माझ्याकडं कामाला आहे. चारच्या परातीला तिनं कधी पाणी मागितलं नव्हतं. आणि एकाएकी पाणी! दुसऱ्या दिवशी कल्लाप्पा चहा मागतोय. चहा प्यायला की ज्याला पित्त होतंय, तो! नाक गेलंय ताई, डोकं न्हाई गेलं." ते हसले. "तेव्हापासनं मी बी पाण्याची वाट बघतो. पाणी मागितलं की समजायचं, खोबरं न्हाईतर तेल बदलायला पाहिजे. दुसऱ्या दिवशी मुकाट बदलून टाकतो. त्यांना वाटतंय, मला फसवलंय. मला वाटतंय, फसलेलं बरं. एवढं जपतात हो मला. कसं सांगू, की ठाऊक आहे म्हणून?"

मला हसावं की रडावं कळेना. "मग चाललंय की झकास. मला कशाला घेताय?"

"झकास कसलं? मे महिन्यात सगळीच पाणी मागत्यात! आता खवट म्हणून मागत्यात का उन्हानं, मला काय कळणार? चांगले तीन घाणे म्हशींना घातले मी. म्हशी खूश. आणि आता यंदा दिवाळी आणि रमजान एकाच महिन्यात आलेत. रेहानाचे रोजे. ती दिवसभर पाणी पीत न्हाई, घास तोंडात घालत न्हाई, आणि खवटाचं पहिलं पाणी तर तीच मागती. फराळाचा सगळा माल त्याच दिवसांत निघणार, आणि मी इथं आंधळ्यासारखा बसणार. मला तोंडानं सांगणारं एक माणूस पाहिजे, ताई. म्हणून तर मुलाखतीला तुमच्यापुढं तेलाच्या वाट्या ठेवल्या, वास घेऊन सांगा म्हणून. आज तुम्ही जे सांगितलं, तेच पाहिजे मला. फक्त तिथं न्हाई. तिथं बाहेर तुम्ही झकास म्हणा. मग इथं येऊन दार लावून खरं सांगा."

म्हणजे मला नोकरी मिळत होती. घराजवळ, सारख्या पेल्यांची, आतून कडीची, इतक्या चांगल्या माणसांची. फक्त रोज चार वाजता वर्तुळात बसून खवट खोबऱ्याला झकास म्हणायचं होतं. 

"नाही जमणार, आण्णा," मी म्हटलं. "बाहेर एक आणि आत एक, हे माझ्यानं होणार नाही. आधीच्या ठिकाणी लोक भीतीनं खोटं बोलायचे. तुमच्याकडे मायेनं बोलतात, मी तुमच्या पाया पडते. पण खोट्याला झकास म्हणायची सवय लागली की एक दिवस माझी जीभच बिघडेल. मग मी तुमच्याही कामाची नाही आणि माझ्याही."

"म्हणजे न्हाई म्हणता."

"नाही म्हणते."

बोलले खरी, पण डोळ्यांपुढं पुण्याची गाडी आणि लेकीचं तोंड येत होतं. आण्णांनी आग्रह केला नाही. "बरं," म्हणाले, पुन्हा तेच. मी नमस्कार केला आणि बाहेर पडले.

हॉलमध्ये सगळे तसेच बसून होते, परातीभोवती. कामाला कुणी हात लावला नव्हता. मी कुणाकडे न बघता दाराशी गेले आणि चपला शोधायला लागले. एक सापडली, दुसरी कुणाच्या तरी चपलांखाली गेली होती. ती काढतेय तोवर मागून आण्णांचा आवाज आला.

"ऐका जरा सगळे."

टोपी नव्हती डोक्यावर. ते परातीपाशी आले, मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "मला वास येत न्हाई."

 रेहानाआपांनी माझ्याकडे असा जळजळीत कटाक्ष टाकला की माझ्या हातातली चप्पल खाली पडली. मग त्या हळूच म्हणाल्या, "आम्हाला ठाऊक आहे, आण्णा."

"तुम्हाला ठाऊक आहे, ते मला ठाऊक आहे."

आता मात्र आपांचं तोंड उघडंच राहिलं. "कधीपासनं?"

"पहिल्या पाण्यापासनं."

कल्लाप्पा कपाळाला आठ्या घालून बराच वेळ काहीतरी जुळवत होता. एकदम तो ओरडला, "म्हणजे मे महिन्यातले ते तीन घाणे...!"

"व्हय."

"अहो आण्णा, आम्हाला तहान लागली होती!"

आधी एकीच्या तोंडून फिस्स झालं, मग दुसरीच्या, आणि मग सगळा हॉल असा फुटला की विचारू नका. शीतल भिंतीला टेकून पोट धरून हसत होता. आण्णा स्वतः हसता हसता खाली बसले. आपा हसत होत्या, रडत होत्या, आणि मधूनच आण्णांना झापत होत्या. "पाणी पिऊन पिऊन पोट फुगायचं आमचं! एकदा बोलायचं न्हाई होय? आम्ही काय परके?"

"मग तुम्ही तरी बोलायचं की!"

"आम्ही कसं बोलणार? तुम्ही मालक!"

"मी कसं बोलू? चिवडेवाला मी!"

हसणं ओसरलं, आणि मग जे सुरू झालं ते मी जन्मात विसरणार नाही. जो तो बोलायला लागला. खोबरं खवट तर खवटच, पण ते आणलं कुणी? शीतलनं! त्या व्यापाऱ्याचं खोबरं घेऊ नका म्हणून किती पाण्याचे पेले रिचवले, तरी ह्याचं आपलं चालूच. शीतल म्हणाला, भाव बघा आधी. मग हिंगावर गाडी आली. मग गेल्या दिवाळीच्या चकलीवर, तिनं कुणाच्या तरी सासऱ्याची कवळी मोडली होती म्हणे. एक जण म्हणाली तेल एक दिवस आधीच बदलायला पाहिजे, दुसरी म्हणाली मुळीच नको, कल्लाप्पा म्हणाला भट्टीवर तुम्ही उभ्या राहा मग कळंल. सगळे एकदम, एकमेकांच्या वरताण. आण्णा मधोमध बसून, ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे मान वळवत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की जणू घरात लग्न निघालंय.

मी दोन्ही चपला पायांत घालून दाराशी उभी होते आणि माझा पाय निघत नव्हता. मला ती नोकरी हवी होती. इतकी कुठलीच कधी हवीशी वाटली नव्हती. आणि पाच मिनिटांपूर्वी मी तिला स्वतःच्या तोंडानं नाही म्हणून आले होते.

आण्णांचं माझ्याकडे लक्ष गेलं. ते उठून दाराशी आले.

"बघा काय करून ठेवलंत," ते म्हणाले. "आता तोंडानं सांगणारी एवढी झाली. रोजे असू देत न्हाईतर मे महिना. तुम्हाला देणार होतो ती जागाच राहिली न्हाई."

"दिसतंय ना," मी म्हटलं. हसायचा प्रयत्न केला, जमला नाही.

मागं आवाज आणखी चढला. आता चकलीवाली आणि कल्लाप्पा थेट एकमेकांवर घसरले होते, आणि आपा दोघांच्या वर.

"बोलायला सगळीच लागली," आण्णा म्हणाले. "आता यातलं खरं काय, कुणाचं धरायचं, कुणाचं सोडायचं, हे सगळं गप बसून ऐकून घेणारं एक माणूस लागंल. बोलणारं नको. ऐकणारं. तुम्हाला जमंल का?"

माझं तोंड उघडलं. जमेल म्हणणार होते, त्यात काय एवढं म्हणणार होते, शिवाय खोबऱ्याबद्दल माझे स्वतःचे तीन-चार मुद्दे होते. आण्णा माझ्याकडे बघत उभे होते. मी तोंड मिटलं.

चपला काढल्या. आत गेले, आपांच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसले.

"आपा," मी म्हटलं, "तुम्ही बोला."